घरचा सीएनसी राउटर गुण्यात आणायचा कसा

देवघराच्या दोन दारांपासून सुरू करतो, कारण मला हा सगळा विषय तिथेच नीट कळला. १८ मिमी प्लायची दोन दारं, प्रत्येक ३०० बाय ४५०, मधे जाळी. सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने फिरतं बिट (कापायचं पातं) चालवून लाकूड कापणाऱ्या मशीनवर, एकामागे एक कापली, एकावर एक ठेवून बघितली तर तंतोतंत, कडेवरून बोट फिरवलं तर एकच तुकडा वाटावा इतकी. मग जोडी लावायची म्हणून त्यातलं एक पालथं केलं, कारण जाळीची नक्षी एकमेकांच्या आरशातली दिसायला हवी होती, आणि दोघांच्या वरच्या कडा एका पट्टीला टेकवून शेजारी शेजारी धरली. वर दोन्ही दारं चिकटलेली आणि खाली एक मिलिमीटरच्या वर फट. जाड पुठ्ठा सरळ आत जात होता.

झालं असं होतं की दोन्ही दारं सारखीच तिरकी कापली गेली होती. आयताऐवजी किंचित समांतरभुज चौकोन. दोन्ही एकाच दिशेला तिरकी असेपर्यंत एकावर एक छान बसतात, चूक दिसतच नाही, पण एक पालथं केलं की एक डावीकडे झुकतं आणि दुसरं उजवीकडे, आणि चूक दुप्पट होऊन समोर येते. हे पालथं करणं लक्षात ठेवा, कारण या लेखात पुढे तेच पुन्हा पुन्हा येणार आहे आणि माझ्या मते ते कुठल्याही महागड्या मोजमापाच्या साधनापेक्षा जास्त कामाचं आहे.

आधी गुण्यात असणं म्हणजे काय ते बघू. गवंडी भिंत बांधताना कोपऱ्याला गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावतो, उभ्याला ओळंबा सोडतो आणि आडव्याला लाइनदोरी बांधून लेव्हल बघतो, म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी तीन वेगळ्या साधनांनी. मशीनचंही तेच आहे पण आपण सगळ्याला एकच नाव देतो, 'अलाइनमेंट', आणि तिथेच गोंधळ होतो. खरं तर चार वेगळे प्रश्न आहेत. बेडची, म्हणजे लाकूड ठेवायच्या टेबलाची, फ्रेम पिळलेली आहे का. गॅन्ट्री म्हणजे आडवा पूल, तो वायच्या, म्हणजे पुढे-मागे, चालीला काटकोनात आहे का. झेड खाली-वर जातो तो सरळ जातो का तिरका. आणि स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, स्वतः सरळ उभा आहे का. शेवटचे दोन एकच वाटतात पण नाहीत, त्याकडे नंतर येतो. क्रम मात्र हाच ठेवायचा, कारण मागचं हललं की पुढचं सगळं परत करावं लागतं. बरेच जण मशीन आल्या आल्या थेट स्पिंडल सरळ करायला बसतात आणि मग फ्रेमचा पीळ काढला की ती सगळी मेहनत वाया, पुन्हा पहिल्यापासून.

आता साधनं. माझ्याकडे ०.०१ मिमीचा एक साधा डायल (टोक दबलं की काटा हलवणारं घड्याळासारखं गेज) आहे, मॅग्नेटिक स्टँड आहे आणि एक पपी डायल, म्हणजे तो छोटा, पुढे बारीक दांडी आणि टोकाला गोळी असलेला. आमच्याकडे कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कुठल्याही टर्नरला पपी म्हटलं की कळतं. ब्रँड म्हणाल तर मिटुटोयो चांगलाच, आपल्या पुण्याचा बेकरही टूलरूममध्ये वर्षानुवर्षं चालत आलाय, पण छंदाच्या मशीनसाठी काटा न अडकता फिरणारा आणि सोडला की परत त्याच जागी येणारा कुठलाही डायल पुरतो. तो बघायची पद्धत सोपी: टोक काचेवर टेकवून शून्य लावा, दहा वेळा उचला आणि सोडा, दहाही वेळा काटा शून्यावर आला तर घ्या.

डायलबद्दल एक गोष्ट मला शेजारच्या एका रिटायर्ड फिटर काकांनी सांगितली आणि तिथून डोक्यातलं जाळं-जळमट साफ झालं. डायल लांबी सांगत नाही, तो फक्त फरक सांगतो. इथे शून्य होतं, तिथे पाच झालं, बस एवढंच. आणि मशीन गुण्यात आणायला नेमका फरकच लागतो. आपल्याला एखादी गोष्ट ५०० मिमी आहे का ५००.३ हे जाणून घ्यायचं नसतं, ही बाजू त्या बाजूइतकी आहे का एवढंच बघायचं असतं. मोजण्यापेक्षा तुलना करणं कितीतरी सोपं आणि कितीतरी जास्त अचूक असतं. पट्टीवर डोळ्यांनी पाव मिमी वाचतानाही चूक होते, पण दोन कर्ण सारखे आहेत का हे एका लाकडी काठीने पाव मिमीच्या आत सहज कळतं.

डायल लावताना दोन चुका टाळा. प्लंजरवाला, म्हणजे सरळ आत दबणाऱ्या दांडीचा साधा डायल पृष्ठभागाला काटकोनात हवा आणि पपीची दांडी पृष्ठभागाला शक्य तितकी समांतर हवी. दांडी ३० अंशाने तिरकी असेल तर प्रत्यक्ष ०.८७ मिमी हललेलं असताना काटा १ मिमी दाखवतो. शून्य आणायचं असेल तर फार फरक पडत नाही पण किती पॅकिंग, म्हणजे पातळ पट्ट्यांची भर, टाकायचं हे ठरवताना पडतो. दुसरं, स्टँडचे सगळे स्क्रू आवळून झाले की डायलला बोटाने हलकं ढकलून बघा, काटा परत मूळ जागी आला पाहिजे. नाही आला तर स्टँड ढिला आहे आणि तुम्ही मशीन नाही, स्टँड मोजताय.

मग गुण्या. बाजारात मिळणारा प्रत्येक गुण्या गुण्यात असतोच असं नाही, मी घेतलेला एक ३०० मिमीचा स्टीलचा गुण्या टोकाला जवळजवळ अर्धा मिमी बाहेर होता, आणि तो प्रमाण मानून मी दोन दिवस मशीन बिघडवत बसलो होतो. तपासायचा कसा तर पालथा करून. सरळ कडेच्या प्लायला गुण्या टेकवा, धारदार पेन्सिलने किंवा कटरच्या टोकाने रेघ मारा, गुण्या पालथा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. टोकाला फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी गुण्याची चूक. लेव्हलचंही असंच, एका जागी ठेवून बुडबुडा बघा, १८० अंश फिरवून त्याच जागी ठेवा, बुडबुडा खोलीच्या त्याच बाजूला सरकलेला दिसला तर जमीन उतरती आहे, उलट्या बाजूला गेला तर लेव्हल खोटी आहे. सरळ पट्टीचंही तेच, रेघ मारा, पट्टी उलटवा, परत मारा, मधे पोट दिसलं तर पट्टी वाकडी. म्हणजे स्वतःपेक्षा चांगलं साधन हाताशी नसतानाही साधन तपासता येतं. हे नवीन नाही. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनियरने १८४० मध्ये ग्लासगोला सपाट प्लेट कशी बनवायची यावर निबंध वाचला होता, त्यात तीन प्लेट घ्यायच्या, आळीपाळीने एकमेकींवर घासून उंचवटे बघायचे आणि खरवडून काढायचे, तिन्ही एकमेकींशी जुळल्या की तिन्ही सपाट. तीनच का, तर दोन असतील तर एक खोलगट आणि एक फुगीर असूनही त्या जुळतात, माझ्या दोन दारांसारख्याच. तिसरी आली की लबाडी चालत नाही.

आता मशीनकडे. पहिली गोष्ट फ्रेमचा पीळ. चार पायांच्या टेबलाचा एक पाय आखूड असला की कसं डुगडुगतं, तसंच, फक्त इथे फ्रेम बोल्टने जमिनीवर दाबून बसवली की डुगडुग बंद होते आणि पीळ आत राहतो. बघायला सगळ्यात स्वस्त उपाय दोरा. मासेमारीचा नायलॉनचा दोरा घ्या, गॅन्ट्री ज्यांवर सरकते त्या वायच्या दोन्ही रेलच्या चार टोकांवर सारख्या जाडीचे ठोकळे ठेवा, मी ६ मिमीच्या एकाच पट्टीतून कापलेले चार तुकडे वापरतो, आणि त्यावरून फुलीसारखे दोन कर्ण ताणा. मधे दोन्ही दोरे एकमेकांना नुसते शिवले पाहिजेत. फट असेल तर पीळ आहे, खालचा दोरा वरच्याला उचलत असेल तरी पीळ आहे, उलट्या बाजूचा. म्हणून एकदा बघून झालं की वरचा दोरा खाली आणि खालचा वर घेऊन परत बघा, इथेही पालथं करणंच. आणि मधली फट १ मिमी असेल तर कोपरा २ मिमीने वर किंवा खाली आहे, कारण कोपरा जेवढा हलतो त्याच्या निम्मा दोऱ्याचा मध्य हलतो. दोन्ही दोरे सारखेच ताणा म्हणजे झोळ दोघांचा सारखा येईल. मग त्या पायाखाली पॅकिंग.

रेल बसवताना एकच रेल आधी सरळ करायची, ती प्रमाण. रेल एचजीआर १५ मापाची असो वा २०, दोन्हींना दर ६० मिमीवर भोक असतं, बोल्ट एका टोकापासून क्रमाने हलके आवळत जा, मधला एखादा आधी पिळून टाकू नका. मग दुसरी रेल पहिलीला समांतर: पहिल्या रेलच्या ब्लॉकवर, म्हणजे तिच्यावर सरकणाऱ्या ठोकळ्यावर, एक पट्टी आडवी बांधून तिच्या टोकाला डायल लावायचा, टोक दुसऱ्या रेलच्या कडेला, ब्लॉक या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने ढकलत न्यायचा आणि जिथे काटा हलेल तिथे रेल हलकी ठोकून बोल्ट आवळायचा. मला ६०० ते ९०० लांबीत २ ते ३ शतांश मिमी, म्हणजे २०-३० मायक्रॉनच्या आत आणता आलं, त्याच्या मागे लागून अजून बारीक करत बसण्यात अर्थ नाही असं माझं मत आहे, कारण खालचा ॲल्युमिनियमचा एक्स्ट्रुजनच (साच्यातून काढलेला फ्रेमचा बार) तेवढा सरळ नसतो.

आता मुख्य काम, गॅन्ट्रीचा काटकोन. गवंडी लोक पाया आखताना ३-४-५ करतात, एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, तिरकं पाच आलं की काटकोन. आपण तेच आकडे घेऊ पण एक सुधारणा करून. मशीनला बेडवरच्या एमडीएफच्या फळीत ६ मिमीची चार भोकं पाडायला लावायची, ६०० बाय ८०० च्या आयताच्या चार कोपऱ्यांवर. म्हणजे कर्ण १००० यायला हवा. पण १००० आला का हे आपण मोजणारच नाही! दोन कर्ण सारखे आहेत का एवढंच बघायचं. याचा मोठा फायदा असा की तुमची मशीन एक्समध्ये, म्हणजे डावी-उजवीकडे, थोडी जास्त आणि वायमध्ये थोडी कमी चालत असेल, म्हणजे स्टेप्सची (मोटरच्या किती पायऱ्यांना एक मिमी) सेटिंग चुकलेली असेल, तरी आयत फक्त वेगळ्या मापाचा होईल, कर्ण तरीही सारखेच राहतील. एकच कर्ण मोजून ३-४-५ केलं तर स्टेप्सची चूक आणि काटकोनाची चूक एकमेकांत मिसळतात आणि काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही.

भोकं पाडताना प्रत्येक भोकाकडे एकाच दिशेने या, म्हणजे बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रूतली ढील) असला तरी चारही ठिकाणी सारखा लागेल. मग चारही भोकांत ६ मिमीच्या डॉवेल पिन ठोका. एक सरळ लाकडी पट्टी घ्या, एका टोकाला व्ही खाच पाडा जी पिनवर बसेल, दुसऱ्या टोकाला एक लाकडाचा स्क्रू पट्टीच्या लांबीच्या दिशेने पिळा. खाच पुढच्या डाव्या पिनला टेकवा, स्क्रू मागच्या उजव्या पिनला नुसता शिवेल असा पिळा किंवा सोडा. मग तीच काठी उचलून दुसऱ्या कर्णावर ठेवा. शिवली तर काम झालं. फट राहिली तर त्यात फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पाती) घालून किती ते बघा. बसलीच नाही तर दुसऱ्या कर्णावर स्क्रू लावून पहिल्यावर फट मोजा. टेपने हे करू नका, टेपच्या टोकाचा हूक मुद्दाम त्याच्या जाडीइतका हलता ठेवलेला असतो, आत-बाहेर मोजता यावं म्हणून. टेपशिवाय पर्यायच नसेल तर सुतार करतात तसं १० सेंटीमीटरच्या खुणेपासून मोजा.

माझ्या मशीनवर फट आली १.२ मिमी, पुढचा डावा ते मागचा उजवा कर्ण जास्त लांब होता. याचा अर्थ काय ते मनात चित्र काढून बघा: गॅन्ट्रीची उजवी बाजू मागे गेलेली असेल तर उजवीकडची दोन्ही भोकं मागे सरकतात, म्हणजे पुढच्या डाव्यापासून मागचं उजवं लांब जातं आणि पुढच्या उजव्यापासून मागचं डावं जवळ येतं. उजवी बाजू १ मिमी मागे असेल तर एक कर्ण ०.८ ने वाढतो आणि दुसरा ०.८ ने कमी होतो, फरक १.६. म्हणजे आलेल्या फरकाला १.६ ने भागा, माझं १.२ भागिले १.६ म्हणजे ०.७५ मिमी, ६०० रुंदीवर. पण माझे दोन बॉलस्क्रू, म्हणजे गॅन्ट्री ढकलणारे आट्यांचे दांडे, एकमेकांपासून ७४० मिमीवर आहेत, म्हणून तिथे ०.७५ गुणिले ७४० भागिले ६००, साधारण ०.९३ मिमी. उजवी बाजू एवढी पुढे घ्यायची. आणि देवघराच्या दाराला लावून बघा, ६०० ला ०.७५ म्हणजे ४५० ला ०.५६, पालथं केल्यावर दुप्पट, १.१ मिमी. पुठ्ठा आत जात होता तो हाच.

पुढे कसं घ्यायचं यावर लोकांचं दुमत आहे. ज्या मशीनला वायवर दोन मोटरी असतात त्यात सॉफ्टवेअरने एक मोटर जरा जास्त फिरवून गॅन्ट्री सरळ ओढता येते, ग्रबल एचएएल, फ्लुइडएनसी, लिनक्ससीएनसी या सगळ्यांत दोन बाजूंना दोन वेगळे होम स्विच (मशीनला सुरुवातीची जागा दाखवणारे) लावून ते आपोआप होतं. सोयीचं आहे आणि मी वापरतोही, पण फक्त शेवटच्या बारीक फरकासाठी. एक मिमीची चूक मोटरने ओढून काढली तर गॅन्ट्रीचे बोल्ट तिला तिरकं ठेवायला बघतात आणि मोटर सरळ करायला बघते, भांडण होतं ब्लॉकच्या आतल्या गोळ्यांचं, चाल जड होते आणि पॉवर गेली की गॅन्ट्री परत तिरकी. म्हणून आधी बॉलस्क्रूच्या नटाचे बोल्ट सैल करा, गॅन्ट्री हाताने पुढे-मागे न्या, तिला आपोआप कुठे बसायचंय ते बघा. मग पूल आणि साइड प्लेटमधले बोल्ट सैल करा, उजव्या ब्लॉकला डायल लावून शून्य करा, क्लॅम्पने हळूहळू ओढा, काटा ०.९३ वर आला की थांबा आणि बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. आवळताना काटा सरकतोच, माझा दर वेळी ५-६ शतांश सरकायचा, म्हणून तेवढं आधीच पलीकडे घेऊन मग आवळलं. त्यानंतर परत चार भोकं, पण आधीच्यापासून १० मिमी बाजूला, परत काठी. तिसऱ्या फेरीत फिलरची सगळ्यात बारीक पात, ०.०५ ची, अडून बसली तेव्हा थांबलो.

मोटरबद्दल एक बारीक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. मशीन बंद असताना गॅन्ट्री किंचित हलली आणि मग चालू केली तर स्टेपर, म्हणजे पायरी-पायरीने फिरणारी ही मोटर, जवळच्या जागी 'टक' करून बसतो. साध्या १.८ अंशाच्या मोटरीत या जागा दर चार फुल स्टेपनी येतात, म्हणजे ७.२ अंश, ५ मिमी पिचच्या स्क्रूवर ०.१ मिमी. एक मोटर इकडच्या जागी बसली आणि दुसरी तिकडच्या, तर तेवढ्याने गॅन्ट्री तिरकी होते. म्हणून रोज चालू केल्यावर दोन्ही बाजूंचं होमिंग वेगळं हवं, किंवा चालू करण्याआधी गॅन्ट्री दोन्ही बाजूंच्या पक्क्या ठोकळ्यांना टेकवून ठेवायची सवय हवी.

आता उभी दिशा. त्यासाठी सपाट काहीतरी लागतं आणि एमडीएफ चालत नाही, डायलचं टोक त्याच्या धाग्यांवर उड्या मारतं. लोक ओट्याचा ग्रॅनाइट आणतात, तो चकचकीत असतो पण पॉलिश आणि सपाट या वेगळ्या गोष्टी आहेत. मी १० मिमीची काच आणली, ३०० बाय ३००, कडा घासून घेतल्या. आजची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात, पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली, आणि त्यामुळे ती घरात मिळणाऱ्या सगळ्या वस्तूंत सर्वात सपाट आणि सारख्या जाडीची असते. काच चार टोकांवर नाही, तीन ठिपक्यांवर ठेवायची, तिपाई कधी डुगडुगत नाही. डायल झेडवर बांधा, टोक काचेवर, आणि एक्समध्ये चालवा, वायमध्ये चालवा, काटा हलेल तिथल्या ठिपक्याखाली वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या घाला, एक चिठ्ठी साधारण ०.१ मिमी. दोन्ही दिशांना काटा स्थिर झाला की काच मशीनच्या चालीला समांतर झाली. बेडला नाही, चालीला, हा फरक महत्त्वाचा आहे. आणि जर तीन कोपरे शून्य आले पण चौथा काही केल्या येत नसेल तर काचेशी झगडू नका, रेलमध्ये पीळ राहिलाय, दोऱ्यांकडे परत जा.

काच लागली की झेडची चाल. काचेवर गुण्या उभा ठेवा, डायल झेडवरच, टोक गुण्याच्या उभ्या पात्याला, आणि झेड ८० मिमी खाली-वर करा. माझ्याकडे काटा ०.०९ हलला. मग गुण्या फिरवून पातं दुसऱ्या बाजूने लावलं, तेव्हा ०.०५. पहिल्या वेळी गुण्याची चूक मशीनच्या चुकीत मिळवली जाते आणि दुसऱ्या वेळी वजा होते, म्हणून सरासरी ०.०७ ही मशीनची आणि ०.०२ ही गुण्याची. एकदा एक्सच्या दिशेला आणि एकदा वायच्या दिशेला असं दोनदा करा. दुरुस्ती झेड ज्या प्लेटला बांधलाय तिच्या बोल्टमागे पॅकिंग घालून.

आणि मग शेवटी स्पिंडल. झेड सरळ खाली येतो पण स्पिंडल त्यावर तिरका बांधलेला असू शकतो, उभ्या भिंतीवर वाकडी टांगलेली फ्रेम असते तसा. उलटही होतं, स्पिंडल सरळ पण झेडची वाट तिरकी, मग पृष्ठभाग गुळगुळीत येतो पण खोल भोक जसं खाली जाईल तसं बाजूला सरकतं. म्हणून दोन्ही वेगळे तपासायचे. कोलेटमध्ये, म्हणजे स्पिंडलच्या बिट धरणाऱ्या पकडीत, एक एल आकाराची दांडी पकडा, तिच्या टोकाला डायल, मधल्यापासून १०० मिमीवर, टोक काचेवर, प्लग काढून ठेवा आणि स्पिंडल हाताने फिरवा. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे वाचा. कोलेटमध्ये थोडा रनआउट, म्हणजे फिरताना मधल्यापासून हलणं, असला तरी याला फरक पडत नाही, कारण डायल स्पिंडलबरोबरच फिरतो. कोलेटमध्ये लांब रॉड पकडून त्याला गुण्या लावायची पद्धत मात्र रनआउटमुळे फसवते.

ज्या बाजूला डायल जास्त दाबला जातो त्या बाजूला स्पिंडलचं डोकं, म्हणजे वरचं टोक, झुकलंय. माझ्याकडे पुढे आणि मागे यांत ०.२० चा फरक होता, पुढे जास्त, म्हणजे डोकं पुढे. २०० मिमीला ०.२० आणि स्पिंडलच्या माउंटचे वरचे-खालचे बोल्ट एकमेकांपासून ८० मिमीवर, म्हणजे खालच्या बोल्टमागे ०.०८ चं पॅकिंग. कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियमच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ चा असतो, कात्रीने कापता येतो, तोच घातला. फरक ०.०५ वर उलट बाजूला गेला आणि मी तिथे सोडलं. डावं-उजवं असेल तर पॅकिंग लागत नाही, बोल्ट सैल करून माउंट किंचित फिरवलं की होतं.

हे सोडायचं कुठे ते समजायला गणित सोपं आहे. बेड सपाट करताना मोठं बिट पुढे-मागे चालवत दर पासला २० मिमी बाजूला सरकवलं आणि डाव्या-उजव्या दिशेला २०० ला ०.२० चा झुकाव असेल तर दोन पासच्या मधे ०.०२ ची पायरी येते. ती नखाला लागते, उन्हात तिरकं बघितलं तर दिसतेही. पुढे-मागे झुकाव असेल तर पायरी नाही येत, प्रत्येक पास पन्हाळीसारखा किंचित खोलगट होतो. लाकडाला या दोन्हींचं फार दुःख नाही, सँडपेपर आहे, पण ॲक्रिलिकवर ते दिसतं आणि पुसता येत नाही.

हे सगळं झाल्यावरच स्पॉइलबोर्ड, म्हणजे बेडवरची एमडीएफची फळी, फेस करायचा, म्हणजे वरून कापून सपाट करायचा. आधी केला तर तो तुमच्या मशीनच्या सगळ्या चुका अंगावर घेऊन बसतो आणि वरून सगळं छान दिसतं.

स्टेप्सबद्दल थोडक्यात. ५ मिमी पिचचा स्क्रू, २०० स्टेपची मोटर, एका स्टेपचे ८ भाग, म्हणजे ८ मायक्रोस्टेप, तर मिमीला ३२० स्टेप. हा आकडा गणिताने येतो, तो ५० मिमीचा चौकोन कापून व्हर्निअरने मोजून ३२१.७ वगैरे करू नका, तिथे तुम्ही बिटची झीज आणि वाकणं मोजताय. साधा सी७ दर्जाचा स्क्रू ३०० मिमीला ०.०५ पर्यंत चुकू शकतो, बदलायचंच असेल तर निदान तेवढ्या लांबीवर तपासून. बेल्टवाल्या मशीनचं वेगळं, तिथे बेल्ट ताणला जातो म्हणून तपासावं लागतं. बॅकलॅश बघायला डायल टेकवून एकाच दिशेने ०.१ च्या चार-पाच पायऱ्या चालवा, शून्य लावा, मग उलट ०.१ चालवा. काटा ०.०७ च हलला तर ०.०३ बॅकलॅश. आणि त्याच जागी गॅन्ट्रीला हाताने ढकलून सोडा, काटा परत जागेवर आला तर लवचीकपणा आहे, नाही आला तर कुठेतरी नट किंवा कपलिंग ढिलं आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

आणि उन्हाळा. ॲल्युमिनियम मीटरला एका अंशामागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं आणि स्टील १२. माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ आणि दुपार यांत सहज १० अंशांचा फरक पडतो, म्हणजे एक मीटरचं एक्स्ट्रुजन ०.२३ ने वाढतं आणि त्यावर बोल्ट केलेली स्टीलची रेल ०.१२ ने, दोघांची ओढाताण होऊन पूल किंचित कमान धरतो. म्हणून मी डायलचं काम सकाळी सातच्या आत सुरू करतो आणि दहाला थांबवतो, दुपारी घेतलेलं रीडिंग वहीत लिहीतच नाही. पावसाळ्यात एमडीएफचा स्पॉइलबोर्ड फुगतो, तो जुलैत एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा परत फेस करतो. काठी, चार पिना आणि ते सहा मिमीचे चार ठोकळे मशीनच्या खालीच एका डब्यात असतात, काठीवर पेन्सिलने शेवटच्या तपासणीची तारीख आणि फट लिहिलेली असते, आणि मशीन जागेवरून हलवली, मग ती फक्त झाडण्यासाठी असली तरी, आधी दोरे ताणून बघतो आणि मगच बिट लावतो. देवघराची दुसरी जोडी मार्चमध्ये कापली, एक दार पालथं करून वरच्या कडा पट्टीला लावल्या आणि मधे वहीचा एक कागद वरून खालपर्यंत सारखाच अडकत गेला.